पिवळं झाकण

पाणीखात्यात त्याचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं. एरवी सगळे त्याला काळजीवाहू म्हणत. सरकार पडलं की नवं येईपर्यंत काळजीवाहू मंत्री असतात ना, तसा हा. फरक एवढाच, की मंत्री कधीतरी सुटतात. ह्याची मुदत काही संपत नव्हती.

घराला कुलूप लावून हा जिना उतरला, की शेवटच्या पायरीवर थबकायचा आणि परत वर. कुलूप ओढून बघायचं, मग कडी हलवून बघायची, मग खिडकीतून आत डोकावून गॅसकडे एक नजर. बायको खालीच उभी राहायची. तेवढ्या वेळात शेजारणीशी दोन गोष्टी बोलून घ्यायची सवय तिनं लावून घेतली होती. 'ह्यांचं कुलूप होईस्तोवर' असं तिचं एक मापच ठरलं होतं. भाजी निवडायची तर ह्यांचं कुलूप होईस्तोवर, शेजारणीच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकायचं तेही ह्यांचं कुलूप होईस्तोवर.

आणि जे काही सांगायचं ते तीनदा. मुलगी लग्न होऊन सासरी गेली तरी फोनवर तेच. बाळाला टोपी घातलीस का? घातलीस ना? कान झाकले का टोपीनं? ती पहिल्या खेपेलाच 'हो बाबा' म्हणायची आणि उरलेल्या दोन्ही खेपांना फोन कानाला लावून आपलं काम करत राहायची. तीनदा झाल्याशिवाय तो फोन ठेवत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

नोकरीनं तो वॉलमन. लिहिताना व्हॉल्व्ह लिहितात, बोलताना सगळे वॉलच म्हणतात. रस्त्याखालच्या खड्ड्यात, म्हणजे चेंबरात, लांब दांड्याची चावी घालून वॉल फिरवायचा. ह्या आळीचं पाणी सोडायचं, त्या आळीचं तोडायचं. अशा कामाला काळजीखोर माणूस बरा, असं कुणालाही वाटेल. साहेबालाही आधी वाटलं होतं. पण एकदा ह्याला टाकीच्या पाण्याला कसलातरी उग्र वास आला, ह्यानं बोंब ठोकली, आणि अख्खी टाकी रिकामी करावी लागली. मागाहून कळलं, की शेजारच्या घरात फाटकाला रंग देणं चालू होतं. वास त्याचा. अर्धं गाव दिवसभर कोरडं राहिलं. साहेब काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, की पुढच्या वेळी आधी खात्री, मग बोंब. नाहीतर तुम्हाला तक्रारखिडकीवर बसवतो. स्वतःच्या काळज्या पुरेनाशा झाल्यासारखं दिवसभर दुसऱ्यांच्या ऐकत बसायचं, म्हणजे जिवंतपणी नरक.

अशात दोन गावांचं पाणी एक झालं.

वरचं गाव ह्याचं. खालचं गाव ओढ्यापलीकडे. दोन्ही नगरपालिका पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना पाण्यात बघणाऱ्या. पण खालच्यांच्या विहिरी खारट होत चालल्या, वरच्यांची जुनी टाकी जागोजागी पाझरायला लागली, आणि नवं शुद्धीकरण केंद्र एकट्यानं बांधायचं बळ दोघींतही नव्हतं. शेवटी दोघी एका टेबलाशी बसल्या. केंद्र वरच्या गावात, मोठी टाकी खालच्या गावात, मधून नवी जोडलाईन, आणि दोघींच्या माणसांचं मिळून एकच खातं. 'पाइप आत्ता जोडताय होय,' खात्यातली पोरं काळजीवाहूला म्हणायची, 'तुम्ही तर सोयरीक आधीच जोडून बसलाय.' कारण ह्याची मुलगी खालच्या गावात दिली होती, आणि व्याही तिथल्या नगरपालिकेत वॉलमनच होते.

व्याही म्हणजे ह्याच्या अगदी उलट टोक. आडवे, थंड, एका शब्दाचे. झालं म्हणाले की झालं. परत विचारलंत तर त्यांना तो अपमान वाटायचा. लग्नाच्या दिवशी ह्यानं बस निघाली का म्हणून तीनदा फोन केला होता. तिसऱ्या खेपेला व्याह्यांनी फोन मुलाच्या हातात दिला, तो आजतागायत परत घेतलाच नव्हता म्हणा ना. एकाच खात्यात आल्यावर दोघं रोज समोरासमोर यायला लागले आणि काळजीवाहूच्या काळज्यांत ह्या एका नव्या काळजीची भर पडली. आपल्या तोंडून काही जास्तीचं जायचं आणि पोरीला तिथं ऐकून घ्यावं लागायचं.

त्यात दोन गावांच्या वॉलांची तऱ्हा. वरच्या गावात चावी उजवीकडे फिरवली की वॉल बंद. खालच्या गावात डावीकडे फिरवली की बंद. कुठल्या जमान्यात कुणी कुठून माल आणला कोण जाणे, पण खालच्यांचे हात तसेच बसलेले आणि वरच्यांचे असे. एकत्र काम करायचं म्हटल्यावर खालच्या गावातले वॉल हळूहळू बदलायला घेतले. बदललेल्या चेंबरावर पिवळं झाकण बसवायचं. पिवळं दिसलं की उजवीकडे बंद, काळं दिसलं की जुनं आहे, डावीकडे बंद. इतकं सोपं, की विसरायचं म्हटलं तरी विसरता येऊ नये.

जोडलाईन तयार झाली. नव्या पाइपात आधी ब्लीचिंग पावडरीचं पाणी भरून ठेवतात, जंतू मारायला. साध्या पाण्यात चिमूटभर असते ती पावडर ह्या पाण्यात पोत्यानं ओततात. डोळ्यात गेलं तर आग, पोटात गेलं तर दवाखाना. लाईन भरेपर्यंत आणि नंतर ते पाणी ओढ्यात नीट सोडून देईपर्यंत खालच्या टोकाचा वॉल बंद हवा, नाहीतर तेच पाणी खालच्या गावाच्या नळांत जायचं. तो वॉल दवाखान्यासमोर, भर रस्त्यात. व्याह्यांनी तो आदल्या दिवशीच बंद केला आणि कचेरीत तसं सांगितलं. झालं, म्हणाले.

काळजीवाहूला झोप कुठली. सकाळी पावडर ओतायच्या आधी तो खात्याच्या गाडीतली चावी घेऊन एकटाच दवाखान्यासमोर गेला. नुसता हात लावून बघायचा, एवढंच. झाकण पिवळं. म्हणजे उजवीकडे. त्यानं चावी घातली, उजवीकडे जोर दिला, आणि चावी फिरली.

फिरायलाच नको होती. बंद वॉल आणखी बंद होत नाही, जागच्या जागी अडतो. हा तर फिरत गेला, फिरत गेला आणि मग कुठे टेकला. काळजीवाहूच्या कपाळाला घाम फुटला आणि त्याच वेळी छातीत काहीतरी फुगलंही. म्हणजे उघडाच होता की! म्हणजे आपण आलो नसतो तर? त्यानं चावी आवळून घट्ट केली, झाकण बसवलं, दहा पावलं गेला, परत आला, पुन्हा आवळून बघितलं. मग चावी परत नेऊन गाडीत टाकली, गाडी वरच्या टोकाला पावडरीच्या कामावर गेली, आणि हा स्कूटरवरून कचेरीत.

गप्प बसला असता तर तो काळजीवाहू कसला. व्याही चहा घेत होते. चार माणसं बसलेली. हा म्हणाला, तुमचा दवाखान्यासमोरचा वॉल अर्धामुर्धा नाही, सताड उघडा होता. मी बंद केला म्हणून बरं. व्याह्यांनी कप खाली ठेवला.

"मी स्वतःच्या हातानं बंद केलाय," ते म्हणाले.

"अहो, पण चावी फिरली ना!"

व्याही उठले, आपली चावी खांद्यावर टाकली आणि टाकीकडे चालते झाले. कुणीतरी हसलं. काळजीवाहूच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपण बरोबर होतो हे खरं, पण बरोबर असणं इतकं वाईट लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं. सवयच नव्हती ना बरोबर असायची.

दुपारी तो मुलीकडे गेला. नातवाला बघायचं हे निमित्त. खरं तर सासऱ्यांनी घरी काही म्हटलंय का, ह्याचा अंदाज घ्यायचा होता. मुलीनं ताट वाढलं. तिला सर्दी झालेली, नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. बाळ पाळण्यात हातपाय मारत होतं. नळाला चारला पाणी येतं, मग ह्याची अंघोळ, असं ती सांगत होती. काळजीवाहूनं आडून विचारलं, मामंजींचा मूड बरा होता का सकाळी.

"बरा काय, लोक त्यांचं कौतुक करतायत," मुलगी म्हणाली. "दवाखान्यासमोरचं ते झाकण तडकलेलं होतं ना, परवा एका म्हातारीचा पाय गेला असता त्यात. मामंजींनी लगेच शाळेमागचं चांगलं झाकण काढून तिथं आणून बसवलं. शाळेमागं कुणी जात नाही, तिथं फळी टाकली. वरून मंजूर व्हायची वाट बघत बसले असते तर झालंच असतं."

घास काळजीवाहूच्या हातातच राहिला.

शाळेमागचा वॉल बदललेला. तिथलं झाकण पिवळं. म्हणजे दवाखान्यासमोर झाकण पिवळं, पण खालचा वॉल जुनाच. जुना, म्हणजे डावीकडे बंद. म्हणजे उजवीकडे...

व्याह्यांनी बंद केला होता. त्यांच्या शब्दाप्रमाणे अगदी घट्ट. खात्री करायला हा गेला आणि ह्यानं तो शेवटच्या आट्यापर्यंत उघडला. वर आवळून घट्टही केला. आणि मग परत येऊन पुन्हा एकदा.

तो ताटावरून उठला. मुलगी म्हणाली, काय झालं? हात धुवायला नळाकडे गेला आणि नळाकडे बघून तसाच मागे फिरला. भिंतीवरच्या घड्याळात तीन कधीच वाजून गेले होते. पावडरीचं पाणी एव्हाना ओढ्याच्या अलीकडे आलेलं असणार. चारला टाकीचं पाणी सुटलं, की दोन्ही एका पाइपात. आणि दवाखान्यानंतरची पहिली आळी हीच.

जिना उतरता उतरता त्यानं व्याह्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. ह्या वेळी त्यांनी कापला. साहजिकच होतं, सकाळी चारचौघांत अब्रू काढायची आणि दुपारी फोन उचलायची अपेक्षा करायची. मग साहेबाला लावला. साहेब मीटिंगमध्ये, दोन्ही नगराध्यक्षांच्या मध्ये बसलेला, आवाज दाबून बोलणारा. काळजीवाहूनं झाकणाचं, उजव्याचं, डाव्याचं सांगायला सुरुवात केली आणि सांगताना त्याचं त्यालाच ते इतकं गुंतागुंतीचं वाटायला लागलं, की जीभ अडखळली.

"तुमची खात्री आहे का?" साहेबानं विचारलं. "की पुन्हा रंगाचा वास?"

खात्री! आयुष्यात त्याला कधी कशाची खात्री वाटली होती? स्वतःच्या हातानं लावलेल्या कुलपाची नाही. मुलगी ऐकीव सांगत असेल. झाकण दुसऱ्याच कुठल्या चेंबराचं असेल. व्याह्यांनीच विसरून वॉल उघडा ठेवला असेल आणि आपण खरोखर बंद केला असेल. दोन्ही बाजूंनी तेच दिसत होतं. चावी फिरली, मग टेकली, एवढंच त्याच्या हाताला माहीत होतं. नव्या संयुक्त पाणीपुरवठ्याचा पहिला आठवडा. वरच्यांनी आपलं पाणी तोडलं असं खालचे म्हणणार, वरचे म्हणणार आम्हाला माहीतच होतं. आणि सगळं खोटं निघालं तर खिडकी. 'बघून सांगतो,' तो साहेबाला म्हणाला आणि फोन ठेवला.

बघायचं कसं? चावी वरच्या टोकाला गेलेली. दुसरी व्याह्यांच्या खांद्यावर, टाकीपाशी. त्यानं स्कूटरला लाथ मारली. पहिल्या लाथेला ती सुरू झाली नाही, दुसरीला झाली. कोपऱ्यावर त्याला बाळाची अंघोळ आठवली. थांबून त्यानं मुलीला फोन केला. "नळाला हात लावू नकोस. बाळाला त्या पाण्याजवळ नेऊ नकोस," एवढं म्हणाला आणि फोन खिशात टाकून निघाला.

टाकीकडचा रस्ता चढाचा. दारादारांत बायका बादल्या, पिंपं मांडून बसल्या होत्या. एकजण नळाच्या तोंडाला फडकं बांधत होती, दुसरी तिला काहीतरी सांगून हसवत होती. रोजची तयारी. त्याला वाटलं, ओरडून सांगावं. काय सांगणार? बहुतेक, कदाचित, असं वाटतंय? ओठांवर आलेलं ओठांवरच राहिलं. स्कूटर धापा टाकत होती. रिकाम्या नळातून आधी हवेचा फुसफुस आवाज येतो, तसा आवाज त्याला प्रत्येक दारातून ऐकू यायला लागला. आला होता की भास, देव जाणे.

व्याही टाकीखाली उभे होते. चावी वॉलात घातलेली, दोन्ही हात दांड्यावर. ह्याला बघून त्यांनी तोंड फिरवलं. हा स्कूटर तशीच आडवी टाकून धावला आणि धावताना त्याला कळलं, की झाकणाबद्दल बोललो तर गेलंच. झाकणाचा शब्द निघाला की तो आरोप होतो. हे ताठ होणार, मी ते म्हातारीसाठी केलं म्हणणार, आणि तेवढ्यात पाणी सुटणार.

"तुम्ही बंद केला होता," तो म्हणाला. धाप लागलेली. "नीट बंद केला होता. मी उघडला."

व्याह्यांनी त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ नाही, पण बघितलं. मग त्यांची नजर कुठेतरी आत वळली, शाळेमागे गेली असावी, फळीपाशी. त्यांचा जबडा हलला. दांड्यावरचे हात सैल झाले. टाकीचा वॉल त्यांनी होता तसा बंदच ठेवला, चावी उपसून काढली आणि म्हणाले, "चला."

स्कूटरवर मागे व्याही, त्यांच्या खांद्यावर आडवी चावी. उतारावरून येताना एका हातगाडीवाल्यानं अंग चोरून वाट दिली आणि मागून दोन शिव्या दिल्या. दवाखान्यासमोर व्याह्यांनी चालत्या गाडीवरून पाय टेकला. पिवळं झाकण बाजूला केलं, चावी घातली आणि डावीकडे जोर दिला.

फिरली.

दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. व्याही फिरवत राहिले. मध्येच जड झालं तेव्हा काळजीवाहूनंही दांड्याला हात घातला, आणि त्याचे हात सवयीनं उजवीकडेच ओढायला लागले. व्याह्यांनी त्याचा हात धरून दुसऱ्या बाजूला वळवला. टेकेपर्यंत दोघं फिरवत होते. शेजारच्या सार्वजनिक नळाची तोटी सोडली तर थोडंसं पाणी आलं, आणि पाण्याच्या आधी वास. घशात जाऊन बसेल असा. म्हणजे पोचलं होतं. पहिल्या आळीच्या तोंडापर्यंत तरी पोचलं होतं.

आता काळजीवाहूनं साहेबाला फोन केला आणि अडखळला नाही. कचऱ्याच्या गाडीवरच्या भोंग्यातून सांगत फिरा, आज नळाचं पाणी वापरू नका, दवाखान्यापासून सुरुवात करा. साहेबानं ह्या वेळी खात्रीचं विचारलं नाही. फोन ठेवल्यावर काळजीवाहूला जाणवलं, की एवढ्या वर्षांत एक काळजी खरी निघाली होती आणि तिला कारण तो स्वतः होता. ह्यापेक्षा सगळ्या खोट्या निघाल्या त्याच बऱ्या होत्या.

मुलीच्या घराचा जिना तो कसा चढला ते त्याचं त्याला ठाऊक. दार उघडंच होतं. न्हाणीत बाळाचा टब होता आणि टबात पाणी होतं. तो दारातच उभा राहिला.

"तुमचा फोन यायच्या आधी तोटी सोडून ठेवली होती, चारला भरेल म्हणून," मुलगी आतून म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. कोरडं, टोपी घातलेलं, कान झाकलेले. "आत्ता आलं थोडं. वास येतोय का त्याला? मला ह्या नाकानं काहीच कळत नाही."

"मग अंघोळ...?"

"नाही घातली."

तो खाली बसला. पाट होता म्हणून पाटावर, नाहीतर जमिनीवर बसला असता. मग त्यानं विचारलं, की एरवी तर माझ्या सांगण्याकडे लक्ष देत नाहीस, आज कसं दिलंस? मुलीनं बाळाच्या पाठीवर थोपटलं.

"बाबा, तुम्ही एकदाच सांगितलंत आणि फोन ठेवलात," ती म्हणाली. "मला इतकी भीती वाटली. मी नळाकडे न जाता बाळाला घेऊन खोलीचं दार लावून बसले."

खाली भोंगा वाजायला लागला होता. व्याही दारात आले, टबाकडे बघितलं, नातवाकडे बघितलं आणि चप्पल न काढताच टब उचलून मोरीत रिकामा केला. सुनेनं पुढं केलेला टॉवेलही त्यांनी घेतला नाही. साहेब येतोय, ते म्हणाले, झाकणाचं मी सांगतो. काळजीवाहू म्हणाला, नको, आधी मी गेलो म्हणून झालं. मी सांगतो, व्याही पुन्हा म्हणाले. एकच गोष्ट ते दोनदा बोलले, हे सुनेच्या लक्षात आलं आणि तिनं तोंड बाळाच्या टोपीत लपवलं.

साहेबाला शेवटी दोघांनी मिळून काहीतरी सांगितलं. त्यातलं अर्धं एकाच वेळी बोलल्यामुळे त्याला कळलंच नाही. खिडकीचं तो काही बोलला नाही. उद्या बघू, म्हणाला. साहेब उद्या बघू म्हणतो त्याचा अर्थ काय, हे काळजीवाहूला आता उद्यापर्यंत पुरणार होतं.

पण तो उद्याचा प्रश्न. उन्हं उतरताना दोघं पुन्हा दवाखान्यासमोर आले. आळीतलं पाणी गटारात सोडून पाइप धुवून काढायचे होते. व्याह्यांनी वॉल डावीकडे टेकलेला आहे ना ते बघितलं, चावी काढली, खिशातल्या खडूनं पिवळ्या झाकणावर मोठी काळी फुली मारता येईना म्हणून पांढरीच मारली, आणि झाकण ठेवायला वाकले. काळजीवाहू बाजूला उभा होता. हात पाठीमागे घट्ट बांधून. बोटं वळवळत होती. विचारायचं नाही, तो स्वतःला सांगत होता. विचारायचं नाही.

व्याही झाकण हातात धरून तसेच थांबले. मग त्यांनी चावी परत आत घातली आणि दांडा त्याच्याकडे केला.

"या," ते म्हणाले. "लावून बघा हात. डावीकडे."